पडद्यावरचा भगवा, फ्लेक्सवरचा भगवा

फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, मे महिन्याच्या शेवटी चौंडीला अहिल्यादेवींची जयंती, मग गणपती, नवरात्र, आणि तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. नगर जिल्ह्यातल्या डिझाइनरचं वर्ष असं रंगांनी भागलेलं असतं. भगवा, निळा, भंडाऱ्याचा पिवळा, कुंकवाचा लाल. यातला एकही रंग ‘साधारण तसाच’ येऊन भागत नाही. जयंतीच्या बॅनरवरचा निळा जांभळ्याकडे झुकला तर मंडळाची पोरं तो परत घेऊन येतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. तो रंग त्यांनी हौसेखातर निवडलेला नसतो. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आणि पाट्या, लेटरहेड, कमानी नव्यानं करण्याच्या कामाची त्यात भर पडली. २०२५ हे अहिल्यादेवींच्या जन्माचं तीनशेवं वर्ष. त्या वर्षीच्या फ्लेक्सवर भंडाऱ्याचा पिवळा कुठे हिरवट, कुठे नारिंगी, कुठे फिकट असा तऱ्हेतऱ्हेचा दिसला.

ही तफावत मशिनवर ढकलून मोकळं होता येतं. शाई, हेड, फ्लेक्सचा कपडा यांचा वाटा त्यात असतोच. पण सुरुवात त्याआधी, डिझाइनरच्या टेबलावर होते. लॅपटॉपचा पडदा अपुरा पडतो म्हणून बाहेरचा मॉनिटर आणला जातो, वायर जोडली जाते, चित्र उमटतं आणि त्याच क्षणी काम सुरू होतं. पेटीतून निघालेला मॉनिटर शोरूमच्या झगमगाटात उठून दिसावा अशा बेतानं लावलेला असतो. तो वर्षानुवर्षं तसाच राहतो, आणि त्यावर बघून ठरवलेला रंग शेकडो चौरस फूट छापला जातो.

नगरला छपाई नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनचं ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये इथूनच निघालं. रंगीत छपाईची मोठी लाट महाराष्ट्रात आली ती १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसबरोबर. तिथे एका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा दगड तयार व्हायचा, आणि छापलेला कागद मूळ तैलचित्राशी ताडून बघता यायचा. आजच्या डिझाइनरपाशी असं मूळ चित्रच नसतं. जे आहे ते पडद्यावर. पडदा खोटं बोलत असेल तर ताडून बघायला दुसरं काही हातात उरत नाही. म्हणून मॉनिटरच्या सेटिंगचा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. या सगळ्या आढाव्यातून मला सांगायचं आहे ते एवढंच की मॉनिटर एकदा नीट लावायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. पुढे जे काही हलवायचं ते फाइलमध्ये. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालतं. प्रिंट लालसर आली की मॉनिटरचा लाल वाढवला जातो, पुढच्या प्रेसची प्रिंट निळसर आली की निळा. दोन-तीन अशा फेऱ्या झाल्या की त्या पडद्याला कसलाच आधार राहत नाही.

पडद्याची मर्यादा आधी मान्य करू. मॉनिटर लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. छपाई पांढऱ्या पृष्ठावर निळी (सायन), किरमिजी (मॅजेंटा), पिवळी आणि काळी शाई टाकून प्रकाश शोषून घेते. दोघांच्या आवाक्यातले रंग वेगवेगळे आहेत. पडद्यावरचा झळझळीत निळा, पोपटी हिरवा आणि उजळ नारिंगी हे चार शायांना पोचत नाहीत. कुठलंही सेटिंग त्यांना तिथवर नेणार नाही. निळ्याच्या बाबतीत तर नेहमीचा घोटाळा ठरलेला आहे: सायन १०० आणि मॅजेंटा १०० दिला की छपाईत जांभळा येतो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी खाली ठेवला तर निळा निळा राहतो. जयंतीच्या बॅनरसाठी हा आकडा कुठल्याही महागड्या मॉनिटरपेक्षा जास्त उपयोगी पडेल. मॉनिटर नीट असला तर मात्र हा जांभळा छापण्याआधी दिसतो. त्याच्याकडून अपेक्षा ठेवायची ती एवढीच.

पेटीवर काय लिहिलंय

खरेदीच्या वेळी दुकानदार इंच आणि हर्ट्झ सांगतो. डिझाइनच्या कामाला हर्ट्झचा फारसा उपयोग नाही; ६० पुरतात. बघायचं ते रंगांच्या आवाक्याकडे. एसआरजीबी हे ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये मांडलेलं आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेलं माप. मोबाइलवरचे फोटो आणि इंटरनेटवरची चित्रं मुख्यत्वे याच मापात चालत आली आहेत. पेटीवर ‘९९ टक्के एसआरजीबी’ असं असेल तर आपल्या बहुतेक कामांना ते पुरे. काही पेट्यांवर ‘७२ टक्के एनटीएससी’ लिहितात. तेही साधारण पूर्ण एसआरजीबी एवढंच आहे, फक्त फूटपट्टी जुनी. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ दिसतं, म्हणजे एसआरजीबीचा जेमतेम साठ-बासष्ट टक्के भाग. अशा पडद्यावर लाल विटकरी दिसतो, आणि डिझाइनर तो ‘उठावा’ म्हणून वाढवत नेतो. बाहेरचा मॉनिटर घ्यायचं सगळ्यात पक्कं कारण हेच आहे.

पॅनल आयपीएस हवा. जुन्या टीएन पॅनलवर मान थोडी खाली-वर केली तरी रंग बदलतो. बाजूला बसलेली पार्टी एक रंग बघते, डिझाइनर दुसरा. व्हीए पॅनलचा काळा गडद असतो, पण कोनातून बघताना गडद छटा सरकतात. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट एक कोटीला एक’ या आकड्याकडे दुर्लक्ष करावं. साध्या आयपीएसचा खरा कॉन्ट्रास्ट हजाराला एकच्या आसपास असतो आणि कागदाच्या कामाला तो भरपूर आहे. आकाराचं गणित असं: २४ इंची फुल एचडीवर इंचाला सुमारे ९२ ठिपके, २७ इंची क्वाड एचडीवर सुमारे १०९. पण २७ इंचात फुल एचडी घेतला तर ठिपके विरळ होतात आणि जोडाक्षरांच्या कडा बघायला सतत झूम करावं लागतं. काही दुकानांत ३२ इंची टीव्हीच मॉनिटर म्हणून लावलेला असतो. एचडी-रेडी टीव्हीवर इंचाला पन्नासही ठिपके येत नाहीत, वर त्याचं स्वतःचं चित्र-सुधार चालू असतं. त्यावर लग्नपत्रिका लावणाऱ्याच्या डोळ्यांची मला खरोखर काळजी वाटते.

ॲडोब आरजीबी आणि पी-३ या मोठ्या आवाक्याच्या मॉनिटरांबद्दल दोन मतं आहेत. एक पक्ष म्हणतो, सायन आणि हिरव्याच्या काही छटा एसआरजीबीच्या बाहेर पडतात, त्या बघायच्या तर मोठा आवाका हवा. हे खरं आहे. दुसरा पक्ष म्हणतो, विंडोजवर रंग-व्यवस्थापन न पाळणारे प्रोग्रॅम अशा पडद्यावर सगळंच भडक दाखवतात, आणि सवयीनं डिझाइनर रंग मारून टाकतो. हेही खरं. फ्लेक्स, पत्रिका आणि सोशल मीडियाच्या पोस्ट असं मिश्र काम करणाऱ्यानं मोठ्या आवाक्याच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. असा मॉनिटर असेलच तर त्याच्या मेन्यूत ‘एसआरजीबी मोड’ असतो, तो लावून काम करावं. विंडोज ११ मध्ये २०२२ नंतर काही यंत्रांवर आपोआप रंग-व्यवस्थापनाची सोय आली आहे. मॅकमध्ये ती १९९३ पासून आहे.

उजेड

सगळ्या सेटिंगांत एकच बदलायची मुभा असेल तर मी ब्राइटनेस बदलेन. आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक तक्रारी ‘फोटो काळा आला’ याच असतात, आणि कारण जवळजवळ नेहमी तेच. साध्या नव्या मॉनिटरची कमाल झळाळी २५० ते ३५० निट असते, म्हणजे चौरस मीटरला तितके कँडेला. पेटीतून काढल्यावर तो बहुधा त्याच्या जवळपासच चालतो. छपाईच्या कामाला जगभर ८० ते १२० निट धरतात. तिप्पट उजेडात बघितलेला फोटो ठीक दिसतो, किंवा जास्तच उजळ वाटतो, म्हणून डिझाइनर तो थोडा उतरवतो. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो, त्यामुळे छापल्यावर चेहरा काळवंडतो. मग दोष मशिनला जातो.

१२० निट हा आकडा हवेतला नाही. टेबलावर ५०० लक्स उजेड पडत असेल तर पांढरा कागद सुमारे १३० निट प्रकाश परत फेकतो. ३०० लक्स असेल तर ८० च्या आसपास. म्हणजे पडद्याचा पांढरा आणि हातातल्या कागदाचा पांढरा सारखे तेजस्वी दिसले पाहिजेत, एवढाच त्याचा अर्थ. यासाठी यंत्र नसलं तरी चालतं. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडायचं, शेजारी चांगला पांढरा कागद धरायचा, आणि पडदा दिव्यासारखा पेटलेला दिसत असेल तर ब्राइटनेस उतरवत जायचा, तो राखाडी वाटायला लागेपर्यंत. मग एक-दोन पायऱ्या वर यायचं. बहुतेक मॉनिटरांवर हा आकडा शंभरात वीस ते पस्तीसच्या दरम्यान कुठेतरी स्थिरावतो. पहिले दोन दिवस पडदा मेल्यासारखा वाटेल. तिसऱ्या दिवसापासून डोळ्यांची आग कमी होईल, आणि दहा-बारा तास बसणाऱ्यासाठी तोही मोठा लाभ आहे.

पण खोलीतला उजेडच दिवसभर बदलत असेल तर हे सगळं वाहून जातं, आणि इथे आपल्या गाळ्यांची रचना आड येते. शटर रस्त्याकडे उघडं, समोर धूळ आणि ऊन, आत टेबल. शटर पश्चिमेला असेल तर चार वाजल्यानंतर पडद्यावर काही दिसत नाही, मग ब्राइटनेस शंभरवर जातो आणि रात्रीही तिथेच राहतो. उपाय महाग नाहीत. मॉनिटर शटरला काटकोनात ठेवावा, म्हणजे ऊन ना पडद्यावर पडेल ना डोळ्यांत. पडद्याच्या तिन्ही बाजूंनी काळ्या फोमशीटची झापड लावावी. प्रत्येक फ्लेक्सवाल्याकडे फोमशीटचे तुकडे पडलेले असतातच. मागची भिंत गुलाबी किंवा पिस्ता रंगाची असेल तर पांढरी किंवा फिकट राखाडी करून घ्यावी, कारण भिंतीचा रंग नजरेत मिसळतो. डेस्कटॉपवर देवाचा किंवा मुलांचा फोटो असणं मी समजू शकतो. कामाच्या मॉनिटरवर मात्र साधा राखाडी ठेवावा आणि फोटो लॅपटॉपच्या पडद्यावर.

ट्यूबचाही विचार करायला हवा. बाजारात ६५०० केल्विनची ‘कूल डेलाइट’, ४००० ची ‘नॅचरल’ आणि ३००० ची ‘वॉर्म’ मिळते. छपाई बघण्याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ३६६४, ५००० केल्विनच्या आसपासचा प्रकाश सांगतं, आणि प्रूफ बारकाईनं ताडायला २००० लक्स. एवढी व्यवस्था मोठ्या प्रेसमध्ये असते. छोट्या दुकानात निदान सगळ्या ट्यूब एकाच जातीच्या असाव्यात. एक पिवळी आणि एक पांढरी असं मिश्रण नको. त्यांचा रंग-निर्देशांक म्हणजे सीआरआय ९० च्या वर असेल तर उत्तम. कमी निर्देशांकाच्या ट्यूबखाली जुळलेले दोन लाल बाहेर उन्हात वेगळे दिसू शकतात. फ्लेक्स तर बघितलाच जाणार आहे उन्हात, जिथे भर दुपारी लाखभर लक्स प्रकाश असतो. म्हणून छापलेला नमुना दुकानाबाहेर नेऊन बघण्याची जुनी सवय शास्त्रालाही धरून आहे.

यावरूनच मॉनिटरचा पांढरा ५००० केल्विनचा ठेवावा की ६५०० चा, हा वाद निघतो. ऑफसेटच्या जगातले काही जाणकार ५००० चा आग्रह धरतात. आपल्या ६५०० च्या ट्यूबखाली तसा पडदा पिवळा दिसतो आणि पत्रिकेचा कागद निळसर. मी ६५०० ला मत देतो. मेन्यूत ‘कूल’ असेल तर तो काढून ‘६५००’, ‘नॉर्मल’ किंवा ‘वॉर्म’ यांपैकी जो कागदाच्या पांढऱ्याजवळ जाईल तो निवडावा.

बाकीची बटणं

बाकीची बरीच बटणं बंद करण्यासाठीच आहेत. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, सिनेमा, गेम, ‘व्हिव्हिड’ आणि आपोआप ब्राइटनेस हे सगळे पडद्यावरच्या चित्राप्रमाणे किंवा खोलीप्रमाणे उजेड हलवत राहतात, म्हणून बंद. विंडोजमधलं एचडीआर साध्या मॉनिटरवर रंग फिके करतं, तेही बंद. ‘नाइट लाइट’ आणि मॉनिटरचा ‘लो ब्लू लाइट’ मोड सगळ्यात जास्त घात करतात, कारण ते संध्याकाळी हळूच चालू होतात आणि लग्नसराईत खरं काम संध्याकाळनंतरच चालतं. निळा कापलेल्या पडद्यावर बसून पत्रिकेचा हळदी रंग ठरवायचा म्हणजे सगळंच चुकणार. बिलं करताना तो मोड खुशाल लावावा, रंगाच्या कामाला नाही.

कॉन्ट्रास्ट कंपनीनं दिलेल्या जागीच, बहुधा सत्तर-पंचाहत्तरवर, राहू द्यावा. तपासायचं असेल तर कोरलमध्ये किंवा फोटोशॉपमध्ये काळ्याजवळच्या राखाडी पट्ट्या कराव्यात, आरजीबी ५, १०, १५, २० अशा, आणि पांढऱ्याजवळच्या २५०, २४५, २४०. पांढऱ्याकडच्या पट्ट्या एकमेकींत विरघळल्या तर कॉन्ट्रास्ट जास्त आहे. काळा काळा न दिसता धुरकट राखाडी दिसत असेल तर वायरीकडे बघावं: एचडीएमआयनं जोडलेला मॉनिटर ग्राफिक्स कार्डाला कधीकधी टीव्ही वाटतो आणि ते ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढीच मर्यादित रेंज पाठवतं. कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘फुल’ निवडलं की काळा परत येतो. हा दोष मॉनिटर बदलूनही जात नाही, म्हणून तो माहीत असणं गरजेचं. डिस्प्लेपोर्टची सोय असेल तर सरळ ती वापरावी. जुन्या सीपीयूवरची निळी व्हीजीए वायर शक्यतो काढूनच टाकावी.

शार्पनेस हा मराठी अक्षरांचा खास शत्रू. तो वाढलेला असला की शिरोरेषेच्या वर-खाली पांढरट कड दिसते, अनुस्वार जाड वाटतो, आणि श्रीलिपीचा बारीक फाँट पडद्यावर ठसठशीत दिसून कागदावर मात्र नाजूक येतो. कड नाहीशी होईपर्यंत तो उतरवावा. रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळचंच ठेवावं. अक्षरं लहान वाटली तर विंडोजचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के करावं, रिझोल्यूशन कमी करू नये.

गॅमा २.२. मॅकवर २००९ पर्यंत १.८ होता, आता तिथेही २.२ आहे. डोळ्यानं तपासायची जुनी युक्ती अजून चालते: एक-एक ठिपका जाडीच्या काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघांचा चौकोन करायचा, शेजारी आरजीबी १८६ चा सपाट राखाडी. शंभर टक्के झूमवर, विंडोजचं स्केलिंग तेवढ्यापुरतं शंभर टक्के करून, डोळे किलकिले करून दुरून बघितलं तर दोन्ही चौकोन एकसारखे दिसायला हवेत.

लॅपटॉप आणि बाहेरचा मॉनिटर शेजारी ठेवले की दोन्हीवरचा रंग जुळवण्याचा मोह होतो. तो टाळावा. दोन वेगळ्या पॅनलांचे आवाके वेगळे. चांगल्याला वाइटाच्या पातळीवर आणूनच ते जुळतात. विंडोजमध्ये ‘एक्स्टेंड’ निवडावं, लॅपटॉपवर टूल, फोल्डर आणि व्हॉट्सॲप ठेवावं, रंग फक्त बाहेरच्या मॉनिटरवर बघावा.

डोळा की यंत्र

आता मुख्य वाद. जुने डिझाइनर म्हणतात, वीस वर्षांचा सराव झालेल्या डोळ्याला यंत्र कशाला? नवे म्हणतात, यंत्राशिवाय सगळं अंदाजे. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. शेजारी ठेवलेल्या दोन गोष्टींतला फरक ओळखण्यात डोळा फार तरबेज आहे. म्हणून कागदाशी ब्राइटनेस जुळवणं डोळ्यानं जमतं. पण एकटा पांढरा बघून तो निळसर आहे की पिवळसर, हे डोळा सांगू शकत नाही, कारण काही मिनिटांत तो त्या पांढऱ्यालाच पांढरं मानायला लागतो. सराव कितीही असला तरी हे टळत नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडे संकोचापोटी बोलली जात नाही: लाल-हिरव्यात गफलत होण्याचा जन्मजात दोष पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, आणि आपल्या धंद्यात पुरुषच जास्त आहेत. इशिहारांची ठिपक्यांची चित्रं डोळ्यांच्या दवाखान्यात पाच मिनिटांत दाखवून मिळतात. दोष निघाला म्हणून डिझाइन सोडावं लागत नाही. रंग आकड्यांनी ठरवायची आणि दुसऱ्याकडून एकदा बघून घ्यायची सवय लावावी लागते.

यंत्र म्हणजे कलरीमीटर. मुठीत मावणारं हे उपकरण पडद्यावर टेकवून ठेवायचं. सॉफ्टवेअर एकामागून एक रंगाचे ठोकळे दाखवतं, उपकरण ते मोजतं. त्यातून दोन गोष्टी होतात: पांढरा, उजेड आणि गॅमा ठरल्या जागी आणले जातात, आणि त्या पडद्याची रंगओळख म्हणजे आयसीसी प्रोफाइल तयार होते. आयसीसी ही संस्था १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी मिळून काढली, प्रत्येक यंत्राचे रंग एका समान भाषेत सांगता यावेत म्हणून. कोरल आणि फोटोशॉप ही प्रोफाइल वाचतात. पुष्कळ साधे प्रोग्रॅम वाचत नाहीत, म्हणून एकच फाइल दोन ठिकाणी वेगळी दिसली तर विश्वास फोटोशॉपवर ठेवावा. मोजमापाच्या शेवटी ‘डेल्टा ई’ हा आकडा येतो. दोनच्या आत असला तर फरक सहसा डोळ्याला कळत नाही. मोजण्याआधी मॉनिटर अर्धा तास चालू असायला हवा, आणि सॉफ्टवेअरला पडद्यामागच्या दिव्याचा प्रकार बरोबर सांगायला हवा, नाहीतर मोजमाप चुकतं. पडद्यामागचे दिवे वयानुसार मंद आणि पिवळे होतात, म्हणून दर एक-दोन महिन्यांनी हे पुन्हा करावं.

इंटरनेटवरून दुसऱ्या कुणाची प्रोफाइल उतरवून घेणं निरर्थक. एकाच कारखान्यातून निघालेले एकाच मॉडेलचे दोन मॉनिटरही तंतोतंत सारखे नसतात. काही कंपन्या कारखान्यातच मोजून पेटीत दाखला घालतात. डेलची अल्ट्राशार्प आणि आसूसची प्रोआर्ट ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. ज्याला यंत्र घ्यायचंच नाही त्यानं थोडे पैसे वाढवून असा मॉनिटर घ्यावा आणि एसआरजीबी मोडमध्ये ठेवावा. आयझोच्या कलरएजसारख्या मॉनिटरांत दुरुस्ती मॉनिटरच्या आतच साठवली जाते. ते उत्तम, पण तालुक्याच्या दुकानाच्या हिशेबात बसत नाहीत.

छापणाऱ्याची बाजू

मॉनिटर नीट लागला की पडद्यावर छपाईचा अंदाज बघता येतो. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-वाय दाबलं की निवडलेल्या छपाईच्या प्रोफाइलप्रमाणे रंग उतरतात. कोरलमध्येही प्रूफची सोय आहे. आपल्याकडे आर्ट पेपरवरच्या ऑफसेटसाठी युरोपातली फोग्रा ३९ ही प्रोफाइल सर्रास लावतात, आणि साखर कारखान्यांच्या वार्षिक अहवालांच्या मुखपृष्ठाला ती बऱ्यापैकी चालते. सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभांआधी प्रवरानगरपासून कोपरगावपर्यंतच्या कारखान्यांचे हे अहवाल छापून निघतात. घाईचं काम असतं आणि प्रूफला वेळ नसतो, तेव्हा हा अंदाजच आधार.

फ्लेक्सचं गणित निराळं. प्रत्येक मशिनची शाई, हेड आणि कपडा वेगळा, आणि मशिनची प्रोफाइल मागितली तर क्वचितच मिळते. इथे एकच खात्रीचा मार्ग मला दिसतो: ज्या दोन-तीन ठिकाणी आपण नेहमी छापून घेतो, तिथून सीएमवायकेच्या आकड्यांसह रंगांचे चौकोन असलेला तक्ता त्याच फ्लेक्सवर छापून आणायचा आणि मॉनिटरजवळ टांगायचा. भगव्यासाठी पडद्याकडे न बघता तक्त्यातला चौकोन निवडायचा, आकडे फाइलमध्ये टाकायचे. शाई किंवा मशिन बदललं की तक्ता नवा.

भगव्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. राष्ट्रध्वजाचा केशरी भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १ या मानकात आकड्यांनी बांधलेला आहे. मंडळाच्या भगव्याला असा आकडा नाही. कुणाला शेंदरी हवा असतो, कुणाला गेरूकडे झुकणारा. अशा वेळी मंडळाचा झेंडाच मागवून तक्त्यावर ठेवून ठरवावं. तोंडी वर्णनापुढे मॉनिटर कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही.

काही रंग मॉनिटर दाखवूच शकत नाही. पत्रिकेवरची स्क्रीन प्रिंटिंगची सोनेरी शाई, चंदेरी फॉइल, संगमनेर-राहुरीकडच्या डेअऱ्यांच्या दुधाच्या पिशवीवर मारलेला खास मिसळलेला निळा, हे सगळं शेड कार्ड हातात धरूनच ठरतं. पडद्यावरचा पिवळट राखाडी म्हणजे सोनं, हे पार्टीला आधी सांगून ठेवलेलं बरं.

आणि पार्टी बघते कशावर? मोबाइलवर. सगळं नीट लावलेल्या मॉनिटरवरून निघालेलं डिझाइन व्हॉट्सॲपवर जातं, तिथे दाबलं जातं, आणि ‘व्हिव्हिड’वर ठेवलेल्या ओलेड पडद्यावर, उन्हात, पूर्ण ब्राइटनेसवर पसंत होतं. मग फ्लेक्स त्याच्याशी ताडला जातो. या लढाईत मॉनिटर हरणारच. म्हणून मोबाइलवर मंजुरी फक्त मजकुराची आणि मांडणीची घ्यावी. नावं, पदं, तारखा. रंगाची मंजुरी तक्त्यावर किंवा छापलेल्या वीतभर तुकड्यावर, पार्टी समोर असताना. एवढा तुकडा छापायचा खर्च परत आलेल्या बॅनरपुढे काहीच नाही, आणि फ्लेक्सवाल्यांनी तो नेहमीच्या डिझाइनरला फुकट द्यायला काही हरकत नसावी.

राहिला प्रश्न यंत्राचा. एका दुकानाला कलरीमीटर घेणं जड जातं, कारण त्या किमतीत दुसरा मॉनिटर येतो आणि यंत्र महिन्यातून अर्धा तास वापरलं जातं. पण ते खिशात मावतं, कुठल्याही संगणकाला जोडता येतं, आणि आर्गिल हे त्याचं मुक्त सॉफ्टवेअर फुकट आहे. एका मॉनिटरला मोजायला साधारण अर्धा तास. म्हणजे श्रीरामपूर किंवा संगमनेरच्या बाजारपेठेतले डझनभर मॉनिटर एका दिवसात होतात. छापखानेवाल्यांनी मिळून तालुक्याला एक यंत्र घ्यावं, चित्रकला महाविद्यालयातल्या एखाद्या शिक्षकानं किंवा हौशी फोटोग्राफरनं ते चालवायला शिकून घ्यावं, आणि वर्षातून निदान तीनदा फेरी मारावी: शिवजयंतीआधी, गणपतीआधी आणि तुळशीच्या लग्नाआधी. त्याच फेरीत प्रत्येक फ्लेक्स मशिनवर एकच तक्ता छापून सगळ्यांना वाटता येईल. त्या तक्त्यावर मशिनचं नाव, शाई आणि तारीख घालायला विसरू नये.